मदत हवी आहे: मॉडेलमधली स्कीम (आकडेमोडीची पद्धत) बदलली की ओझोनच्या बदलाचं चिन्हच उलटतंय

मंडळी, दोन आठवडे यावर डोकं आपटतोय. ४ किमीच्या ग्रिडवर (म्हणजे ४ किमी लांबीचे चौकोन, सेल्स, पाडून) ओझोनचं मॉडेल चालवतो. नायट्रोजन ऑक्साइड्सचं उत्सर्जन १० टक्के कमी करून पुन्हा रन घ्यायचा आणि ओझोन किती हलला ते बघायचं, एवढंच. वहनासाठी (वाऱ्याबरोबर वायू पुढे सरकवायला) फर्स्ट ऑर्डर अपविंड ही साधी स्कीम घेतली की मोठ्या स्रोतालगतच्या सेल्समध्ये ओझोन घटतो. पीपीएम (पीसवाइज पॅराबोलिक मेथड, ही जास्त अचूक स्कीम) लावली की त्याच सेल्समध्ये वाढतो! हवामान, रसायन, उत्सर्जन सगळं तेच.

टाइमस्टेप (मॉडेल एका पावलात जेवढा वेळ पुढे सरकतं तो) मोठा असेल म्हणून अपविंडमध्ये २४० सेकंदांचा १२० केला. फरक कमी व्हायचा सोडून वाढला. वारा साधारण ५ मी./से., आडवा विसरण गुणांक (वायू आजूबाजूला किती पसरतो त्याचं माप) मी ५०० चौ.मी./से. दिलाय. बग शोधत बसू का?

प्रतिसाद १
बग नसावा. अपविंड स्वतःचं विसरण गुपचूप मिसळते: वेग × सेलची लांबी ÷ २ × (१ − कूरांट अंक). कूरांट अंक म्हणजे एका टाइमस्टेपमध्ये वारा सेलचा किती भाग ओलांडतो ते. तुमचे आकडे घाला. २४० सेकंदांना कूरांट अंक ०.३, म्हणजे विसरण ७,००० चौ.मी./से. तुमच्या ५०० ला विचारतो कोण! १२० सेकंदांना अंक ०.१५ होतो आणि विसरण ८,५०० वर जातं. म्हणून फरक वाढला.

चिन्हाचं म्हणाल तर, स्रोताजवळ नायट्रिक ऑक्साइड ओझोन खातो. तो कमी केला की ओझोन वाढतो. अपविंडने तोच धूर आजूबाजूला फासला की तिथलं प्रमाण उतरतं आणि रसायन दुसऱ्या बाजूला कलतं. तिथे कपातीने ओझोनही घटतो. रसायन बंद करून एक निष्क्रिय ट्रेसर (कशाशीही अभिक्रिया न करणारा खुणेचा वायू) सोडा, त्याच्या प्रमाणाचं शिखर किती खचतं ते दिसेल.

प्रतिसाद २
पीपीएमवरही डोळे झाकून विसंबू नका. लिमिटर (खोटे चढउतार कापणारा भाग) कुठे चालू-बंद होतो आणि सॉल्व्हरची (रसायनाची समीकरणं सोडवणाऱ्या भागाची) टॉलरन्स, म्हणजे चालवून घेतलेली चूक, किती सैल आहे, यावर लहान बदलाचं उत्तर डळमळतं. ५, १०, २० टक्क्यांचे रन घ्या आणि दर टक्क्यामागचा बदल जुळतो का बघा. ५ टक्क्यांचाच वेडावाकडा आला तर टॉलरन्स आवळा. २० चा वेगळा आला तर तो रसायनाचा वक्रपणा (परिणाम कपातीच्या सरळ प्रमाणात नसणं) असू शकतो, त्याला चूक समजू नका.

धागाकर्ता
ट्रेसर सोडला, अपविंडमध्ये शिखर पार सपाट. ग्रिड १ किमी केलं तरी त्याच ०.३ कूरांट अंकाला १,७५० चौ.मी./से. विसरण उरतंच, तेव्हा अपविंडला सोडचिठ्ठी. ५ टक्क्यांचा रन लावलाय. टॉलरन्स किती आवळावी याचा कुणाला अनुभव?