बदलापुरात कुत्र्याला घेऊन बसता येईल असा कॅफे आहे का? (कुत्रा देशी, सोबत आई)

कुळगावची लोकल

प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी थोडं रामायण ऐकून घ्या.

माझ्याकडे नारायण आहे. जुलै २०१९ मध्ये उल्हासचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीच्या अलीकडे पाण्यात अडकून पडली, त्याच आठवड्यात हा आमच्या जिन्याखाली सापडला. मुठीएवढा, चिखलाने लडबडलेला. नाव महालक्ष्मीच ठेवणार होतो. दोन दिवसांनी अंघोळ घातली तेव्हा कळलं की बाप्या आहे. मग नारायण. हाक मारताना नाऱ्या.

सोमवार ते शुक्रवार मी फोर्टला. घरातून अंधारात निघते, अंधारात परत येते. रविवार तेवढा माझा. डिसेंबरपासून आई माझ्याकडे आहे, वय बहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तिला महिन्यातून दोनदा तरी बाहेर कुठेतरी बसून चहा प्यायचा असतो. आम्ही दोघी बाहेर पडलो की नाऱ्या दाराशी बसून गळा काढतो. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी त्याचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. म्हणजे जायचं तर तिघांनी.

गेल्या रविवारी पूर्वेच्या एका कॅफेत गेलो. नाव लिहीत नाही. इन्स्टावर गोल्डन रिट्रीव्हरचा फोटो, खाली ‘पेट्स वेलकम’. फोन करून विचारलं, हो म्हणाले. शेअर रिक्षात कुत्रा घेत नाहीत म्हणून स्पेशल केली. दारात मुलाने नाऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘मॅडम, ब्रीड कोणती?’ म्हटलं, देशी. ‘मग बाहेरच्या टेबलवर बसावं लागेल.’ बाहेरचं टेबल म्हणजे एसीच्या आउटडोअर युनिटसमोर, दुपारी दोन वाजता, एप्रिलमध्ये. बदलापूरचा एप्रिल मी तुम्हाला सांगायला नको. आत एक शिह त्झू (परदेशी जातीचा छोटा कुत्रा) खुर्चीत बसून बशीतला केक चाटत होता. आईने पदर सावरला आणि त्या मुलाला म्हणाली, ‘अरे, आम्ही पण देशीच आहोत. आम्ही कुठे बसू?’ तो बिचारा लाजला, पण दार काही उघडलं नाही.

तर मला हवं आहे ते असं: पाठ टेकायची खुर्ची (ते उंच स्टूल नकोत, आई चढूच शकत नाही), नाऱ्याला सावली आणि पायाखाली घसरणार नाही अशी जमीन, आणि चहा मिळायला हवा. कॉफी आईला चालत नाही. ठाणे-मुलुंडच्या याद्या कृपया देऊ नका. गाडी नाही आमच्याकडे, आणि लोकलमध्ये नाऱ्याला नेण्याइतकी मी शूर नाही.

डबल फास्ट

ताई, मी पूर्वेलाच, कात्रपला. माझ्याकडे बीगल आहे, म्हणजे मी त्या शिह त्झूच्या बाजूचा. तरी सांगतो, अनुभव फार वेगळा नाही. आपल्याकडे ‘पेट फ्रेंडली’ म्हणजे ‘बाहेर बांधा, आम्ही काही बोलणार नाही’. मी आता फोनवर ‘कुत्रा चालतो का’ असं विचारतच नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. मी विचारतो, ‘कुत्रा माझ्या पायाशी, टेबलाखाली बसू शकतो का? आत? रविवारी सकाळी?’ इथे समोरचा थांबतो आणि ‘सरांना विचारून सांगतो’ म्हणतो. त्या थांबण्यावरून सगळं कळतं. तुम्ही वर ‘देशी आहे’ हेही जोडा.

वेळ महत्त्वाची. सकाळी कॅफे उघडतो तेव्हा कुणी नसतं, लादी नुकतीच पुसलेली असते, पोरंही निवांत असतात. संध्याकाळी पाचनंतर वाढदिवसांच्या टोळ्या येतात. एकदा शेजारच्या टेबलावर फुगा फुटला. माझा बीगल टेबलाखालून जो सुटला तो कोल्ड कॉफी अंगावर घेऊन थेट स्वयंपाकघरात. बिल मी दोन टेबलांचं भरलं.

घरी दोन गल्लीत अकरा

मी अंबरनाथची. कुत्री किती, ते नावावरून कळलंच असेल.

थोडं कडू बोलते, राग मानू नका. कुत्र्याला कॅफे नको असतो. कॅफे आपल्याला हवा असतो, त्याला आपण हवे असतो. त्यामुळे जागा शोधण्याआधी त्याला बसायला शिकवा. घरात एक जुनी गोधडी किंवा चटईचा तुकडा ठरवून ठेवा. त्यावर बसला की खाऊ, उठला की काही नाही, ओरडायचं पण नाही. आठ-दहा दिवसांत तो तुकडा म्हणजे ‘इथे पसरायचं’ हे त्याला कळतं. मग तोच तुकडा घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीवर जा, एक कटिंग संपेपर्यंत बसा, परत या. ते जमलं की कॅफे. माझी मोठी कुत्री आता लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा त्या तुकड्यावर झोपते.

रडण्याचं पण बघा. दार लावून दोन मिनिटं जिन्यात थांबायचं आणि तो रडायला लागायच्या आत परत यायचं. मग चार मिनिटं, मग सात. येताना-जाताना लाडाचा तमाशा करायचा नाही. महिना-दीड महिना लागतो, कंटाळा येतो, पण त्या रेकॉर्डिंगवाल्यांचा कंटाळा जास्त वाईट.

खाण्याचं सांगते, कारण कॅफेत लोक प्रेमाने काहीही पुढे करतात. कांदा आणि लसूण कुत्र्याला विष आहे, कच्चा असो की शिजवलेला. सँडविचच्या चटणीत, सांबारात, मिसळीत तोच असतो. मनुका आणि द्राक्षं तर अजिबात नाहीत, त्याने मूत्रपिंड जातं. आमच्या गल्लीतल्या एकाला कुणीतरी फ्रूट केक घातला होता, तीन दिवस सलाइनवर काढले त्याने. चॉकलेट माहीतच आहे. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या वस्तूत झायलिटॉल असू शकतं, ते तर फारच वाईट. साधी इडली, चटणी-सांबाराशिवाय, चालते. त्याहून बरं म्हणजे घरून जेवून न्या.

पाणी आपलं, वाटी आपली. दारात ठेवलेल्या सगळ्यांच्या भांड्यातलं पाजू नका. आणि दुपारी दोनला तर नकोच हो. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजा. तुमचा हात टिकला नाही तर त्याचे पंजे कसे टिकतील?

काउंटरवरचा

मी कल्याणमध्ये एका कॅफेत चार वर्षं काउंटरला आहे. कुठल्या ते विचारू नका, नोकरी हवी आहे.

ताई, त्या मुलावर रागावू नका, त्याला वरून सांगितलेलं असतं. आमच्याकडेही हेच आहे. मालक म्हणतात, जातीचा कुत्रा बघून गिऱ्हाईक फोटो काढतं, देशी बघून विचारतं की हा रस्त्यावरून आत आला का. मला हे पटत नाही. चार वर्षांत टेबलावर पाय ठेवून माझं क्रॉसाँ पळवणारा हस्की होता. देशी येतात ते बहुतेक भिंतीला चिकटून बसतात आणि दाराकडे बघत राहतात. पण माझ्या पटण्याने दार उघडत नाही. म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो: हार्नेस घाला, गळ्यात रेबीजच्या लसीचा बिल्ला असू द्या आणि लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कुणी मागत नाही, पण आपण आधीच दाखवला की बोलणंच बदलतं.

आमच्या बाजूचं पण थोडं ऐका. एका कुत्र्याने एका टेबलाच्या पायावर पाय वर केला की नंतर येणारा प्रत्येक जण तिथेच करतो. आम्ही फिनाइल मारतो. वास गेला असं आपल्याला वाटतं, कुत्र्याला वाटत नाही. आमच्याकडे चार नंबरचं टेबल आहे, मी तिथे कुत्रेवाल्यांना कधीच बसवत नाही. तुम्ही आत यायच्या आधी बाहेर पाच मिनिटं फिरवून, त्याचं सगळं आटपून आणलंत तर आम्ही तुमचे पाय धरू.

दुसरं, पट्टा खुर्चीला बांधू नका. एकाने प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांधला, समोरून मांजर गेलं, कुत्रा निघाला, मागून खुर्ची खडखडत आली, त्या आवाजाला घाबरून तो आणखी जोरात पळाला. रिक्षा स्टँडपर्यंत गेली आमची खुर्ची. पट्ट्याची कडी आपल्या पायाखाली धरा.

आणि काही लोक कुत्र्याला खरंच घाबरतात, उगाच नाटक करत नाहीत. माझी बहीण लहानपणी चावली गेली होती, अजून ती रस्ता ओलांडते. तेव्हा भिंतीकडचं टेबल मागा, वाटेतलं नको.

कुळगावची लोकल

काउंटरदादा, कार्डाचा फोटो काढून ठेवला. काढताना जरा राग आला, हे खरं सांगते. शिह त्झूचं रेशनकार्ड कुणी बघितलं नव्हतं. पण ठेवला.

काकू, गोधडीचा तुकडा सुरू केला. पहिल्या दिवशी त्याने तो फाडला.

बारवी रोड

कॅफेच पाहिजे असा हट्ट नसेल तर पश्चिमेला या. स्टेशनवरून बदलापूर गाव, तिथून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं की डाव्या-उजव्या हाताला नाश्त्याच्या टपऱ्या आणि ढाबे सुरू होतात. पत्र्याची शेड, मातीची जमीन, मागे झाडं. कुत्रा आत की बाहेर हा प्रश्नच नाही, कारण आत असं काही नाहीच. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पण पाठीच्या. सकाळी नऊच्या आत या, नंतर धरणाकडे जाणाऱ्या मोटरसायकली सुरू होतात आणि रस्त्याकडेला बसवत नाही. कोंडेश्वरच्या बाजूचा विचार मात्र पावसाळ्यात करू नका, बहुतेक वर्षी तिकडे मनाईहुकूम असतो आणि पोलीस परत पाठवतात.

एकच लक्षात ठेवा. अशा प्रत्येक ठिकाणी मालकाचा नाहीतर गावचा एक कुत्रा असतोच. त्याची जागा आहे ती, पाहुणे आपण.

कुळगावची लोकल

तीन आठवड्यांनी वृत्तांत.

काल सकाळी सव्वासातला निघालो. रिक्षावाला ओळखीचा शोधला, येण्याजाण्याचे आधी ठरवले. बारवीच्या रस्त्याला जांभळाच्या झाडांखाली एक जोडपं नाश्ता देतं, तिथे थांबलो. बदलापूरच्या जांभळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय त्याचा आईला फार अभिमान, जणू तिनेच लावली झाडं. ती आल्या आल्या झाडाच्या बुंध्याला हात लावून आली.

मालकांचा कुत्रा होताच. पाण्याच्या पिंपाखाली, ओल्या मातीत पोट टेकवून पडलेला. पिवळट, एक कान तुटका. त्याने मान न उचलता एकदा गुरगुर केली. नाऱ्याने तोंड फिरवलं, जमीन हुंगली, लांबून वळसा घेतला आणि गोधडीवर येऊन बसला. गोधडीवर! मी काही बोलले नव्हते. नुसता तुकडा टाकला होता (आता तो निम्माच उरलाय). दोन वेळा उठला, दोन वेळा परत बसला. तिसऱ्यांदा त्याने हनुवटी माझ्या चपलेवर ठेवली आणि डोळे मिटले. मी चाळीस मिनिटं तो पाय हलवला नाही. नंतर मुंग्या आल्या, तो भाग वेगळा.

आईने दोन चहा घेतले, त्यातला दुसरा बशीत ओतून. कॅफेत तिला बशी मिळाली नव्हती, ते तिने मला तेव्हा सांगितलंच नव्हतं. मालकीणबाईंशी तिचं गुडघ्यांवरून जमलं. त्या म्हणाल्या, तुमचा कुत्रा गरीब आहे हो. आई म्हणाली, गरीब नाही, मनात हिशेब करतोय तुमच्या पोह्यांचा. पोह्यांत कांदा म्हणून त्याला दिले नाहीत, घरचा दहीभात दिला. तिघांचं मिळून बिल शंभराच्या आत.

परतताना ठरवलेला रिक्षावाला आलाच नाही, फोनही उचलेना. दुसऱ्या तिघांनी नाऱ्याला बघून वेग वाढवला. शेवटी मालकांनी पाव आणायच्या टेम्पोत पुढे आईला बसवलं, मी आणि नाऱ्या मागे रिकाम्या क्रेटमध्ये. त्याला ते कॅफेपेक्षा जास्त आवडलं.

आता पुढचा प्रश्न. त्या शेडच्या पत्र्याला तीन भोकं आहेत, मी मोजली. जूनमध्ये काय करायचं? पश्चिमेला, बेलवली-मांजर्लीकडे, वरून झाकलेली, बशीत चहा देणारी आणि ब्रीड न विचारणारी जागा कुणाला माहीत आहे का? रिक्षावाला माहीत असेल तर आधी त्याचं सांगा.