मदत हवी आहे: टाकीच्या भिंतीला बेडकाचं फेसाचं घरटं, आणि टाकी तर धुवायची आहे

नमस्कार मंडळी,

सावंतवाडीजवळ आमच्या परसात सिमेंटची उघडी टाकी आहे. तिच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या वीतभर वर, पांढरट फेसाचा मुठीएवढा गोळा चिकटलाय. वरून वाळून पिवळसर पडलाय, पण काडीने कडेला हळूच दाबलं तर आत ओला आहे आणि बारीक फिकट अंडी दिसतात. रात्री टॉर्च मारला तेव्हा त्याच कोपऱ्यात तपकिरी बेडूक भिंतीला चिकटून बसला होता. बोटांच्या टोकांना गोल चकत्या. उडी मारली तेव्हा मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके दिसले.

शेजारचे काका म्हणतात, विषारी आहे, खरवडून टाका. मला पटत नाही. विष असतं ते भेकाच्या, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाच्या, डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींत. शिवाय भेक थेट पाण्यात काळ्या अंड्यांच्या लांब माळा सोडतो. आणि याची कातडी तर गुळगुळीत आहे.

अडचण अशी की रविवारी टाकी रिकामी करून टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने धुवायचं घरात ठरलंय. पिल्लं बाहेर आली तर कोरड्या सिमेंटवर पडतील. घरटं हलवता येईल का? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १

वर्णनावरून झाडावर राहणारा आपला नेहमीचा बेडूक वाटतो. मादी अंगातून पातळ द्रव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते. वरचा थर वाळतो, त्यामुळे आतली अंडी सुकत नाहीत. काही दिवसांत पिल्लं वळवळू लागतात, फेस सैल होतो आणि ती टपटप खाली पाण्यात पडतात. आंबोलीचा उडणारा मलबारी बेडूकही असंच करतो, फक्त पाण्यावर झुकलेल्या पानांवर.

धुणं आठवडाभर पुढे ढकलता आलं तर सगळ्यात उत्तम.

प्रतिसाद २

ढकलता येत नसेल तर पातळ पत्र्याने शेवाळासकट अख्खा गोळा सोडवा, फोडू नका. सावलीत टब ठेवा, त्यात याच टाकीचं पाणी भरा. नळाचं क्लोरीनचं पाणी नको. टबावर मोठ्या भोकांची जाळी ताणून गोळा तिच्यावर ठेवा. वाऱ्याने सुकतोय असं वाटलं तर पावसाचं पाणी शिंपडा. हाताला साबण किंवा डासांचं मलम नको, कारण बेडकाची कातडी सगळं शोषून घेते. तो पाणीसुद्धा कातडीतूनच घेतो.

टबात गप्पी मासे अजिबात सोडू नका, पिल्लं खाऊन टाकतील. शेवाळ खायला पुरेल, कमी पडलं तर उकडलेला पालक चिमूटभर.

धागाकर्ती

ताई, दादा, खूप आभार! घरच्यांना समजावलंय, पण धुणं रविवारीच होणार, त्यामुळे टबाची तयारी करते. एकच राहिलं: पाय फुटल्यावर पिल्लं टबाबाहेर कशी येतील?

प्रतिसाद २

एक जाडसर फांदी तिरकी टाका, एक टोक पाण्यात, दुसरं टबाच्या काठाबाहेर. पुढचे पाय आले की ती स्वतःच चढतात. शेपूट असतानाच बाहेर बसतात, घाबरू नका. बाहेर यायला वाट नसेल तर मात्र बुडतात, म्हणून फांदी पहिल्या दिवसापासूनच ठेवा.