शेठ खोटी व्हाउचर्स करायला लावतात, देवाची आज्ञा पाळायची म्हणजे नोकरी सोडायची का?

सर्वांना जय ख्रिस्त. मी पुण्यात एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे अकाउंट्स बघतो, सहा वर्षं झाली. मार्च आला की शेठ लेबर पेमेंटची व्हाउचर्स बनवायला लावतात, म्हणजे जी माणसं कामावर नव्हतीच त्यांना रोख पगार दिल्याचं दाखवायचं, मागच्या तारखा टाकायच्या, सह्या वेगवेगळ्या पेनांनी आपणच करायच्या आणि जिथे सही नको तिथे अंगठा. परवा शनिवारी रात्री मी ४० व्हाउचर्सवर माझाच अंगठा उठवला, आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर-द्राक्षरस, भाकर घ्यायला हात पुढे केला तर नखाच्या कडेला जांभळी शाई तशीच. तेव्हापासून झोप नाही. शेठनी खूश होऊन पाकीट दिलं त्यातून चर्चच्या दानात दशांशापेक्षा (दहाव्या भागापेक्षा) जास्तच टाकलं, तरी मनाला शांती नाही. घराचं लोन आहे, मुलगी दहावीला आहे. आणि बायबलात इफिसकरांच्या पत्रात, इफिस ६:५ मध्ये दासांनी धन्याचं ऐकावं असंही लिहिलंय ना?

नगरची मावशी
भाऊ, सलाम. रागावू नका पण पाकिटातून जास्त टाकलंत तेच इस्राएलच्या शौल राजाने केलं. बायबलातलं १ शमुवेल १५ काढून वाचा. शत्रू अमालेकी लोकांचं काहीही ठेवू नको म्हणून देवाची आज्ञा होती, याने चांगली चांगली मेंढरं राखली आणि वर म्हणतो देवाला अर्पण करायला आणलीत. शमुवेल संदेष्टा विचारतो, मग हे मेंढरांचं ओरडणं कसलं ऐकू येतंय? तुमच्या नखाची शाई म्हणजे तेच ओरडणं. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, हे वचन तिथलंच, २२ वं. आमचे पाळकसाहेब सांगायचे की तिथे इब्री शब्द आहे शमा, म्हणजे ऐकणं. आपण नाही का म्हणत, पोरगं आईचं ऐकत नाही, कान तर चांगले असतात त्याचे!

दुकानदार
मावशींचं खरं आहे पण लगेच राजीनामा द्या असं मी नाही म्हणणार, लोनचा हप्ता काय असतो ते मला माहितीय. बायबलातला दानीएल बघा, बाबेलच्या राजाकडे चाकरीला नेलेला, त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात, राजाचं अन्न नको म्हणाला पण भांडला नाही, कारभाऱ्याला म्हणाला दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन बघ. चाकरी सोडली नाही, फक्त ते ताट नाकारलं. तुम्ही पण शेठना तेवढंच सांगा, टॅली, जीएसटी, बँक सगळं करीन, रात्री बसून करीन, पण खोटी सही आणि अंगठा माझ्याकडून होणार नाही. आणि दुसरीकडे अर्ज टाकायला आजच सुरुवात करा, कारण ते काढतीलही, दानीएलाचं सगळं नीट झालं म्हणून आपलं होईलच असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. माझं किराणा दुकान. जुन्या तराजूच्या पारड्याखाली चिंचेची गोळी चिकटवलेली असायची, बाप्तिस्मा घेतल्यावरही दोन वर्षं ती तशीच होती, रोज प्रार्थना करून शटर वर करायचो. ज्या दिवशी खरवडून काढली त्या महिन्यात गल्ल्यात लगेच फरक पडला आणि बायको आठ दिवस बोलली नाही.

संडेस्कूल टीचर
इफिस ६:५ अर्धं वाचू नका, जशी ख्रिस्ताची तशी धन्याची आज्ञा पाळा असं आहे. ख्रिस्त तुम्हाला खोटा अंगठा उठवायला सांगेल का? येशूचा शिष्य पेत्र, त्याने पण यहुदी पुढाऱ्यांच्या सभेपुढे हेच सांगितलं, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, प्रेषितांची कृत्ये ५:२९.

मूळ प्रश्न विचारणारा
सगळ्यांचे आभार. आज दुपारी बोललो. अजून ३० व्हाउचर्स राहिलीत, ती टेबलावर ठेवली आणि म्हटलं शेठ, माझा अंगठा यावर नाही लागणार. ते काही बोलले नाहीत, स्टॅम्प पॅड उचलून केबिनमध्ये घेऊन गेले. सोमवारी बोलावलंय. घरी बायकोला सांगितलं, ती आधी रडली, मग म्हणाली माझ्या भिशीचे पैसे एप्रिलमध्ये येतील. पण आधीच्या ४० चं काय करू ते कळत नाही, बायबलातला जकातदार जक्कय, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करीन म्हणाला, मी कुणाला परत करू? सोमवारी ११ वाजता आठवण ठेवा, प्रार्थना करा.