मदत हवी आहे: पाणीपुरवठ्याचे हिशोब नवीन सॉफ्टवेअरवर न्यायचेत

नमस्कार मंडळी, मी नगरपरिषदेच्या लेखा विभागात आहे, आमच्याकडे पाणीपुरवठ्याचे हिशोब आता दुहेरी नोंद पद्धतीच्या (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहायचा) नव्या सॉफ्टवेअरवर न्यायचेत. सुरुवातीची शिल्लकच जुळत नाहीये. पाणीपट्टीची थकबाकी मागणी रजिस्टरला एक आणि सिस्टीमला दुसरीच दिसते, ठेकेदारांच्या अनामत रकमा तर वर्षानुवर्षं एकाच खात्यात पडून आहेत, कुठली कोणाची ते जुन्या कीर्दीतून (रोजच्या जमाखर्चाच्या वहीतून) शोधावं लागतंय. शिवाय १५व्या वित्त आयोगाचा बंधित निधी (ठरावीक कामांसाठीच वापरता येणारा) वेगळा दिसलाच पाहिजे, तो सामान्य निधीत मिसळला की लेखापरीक्षणात आक्षेप येणारच. कोणी हे केलंय का? आधी बँक ताळमेळ (आपल्या नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळवणं) पूर्ण करावा की थकबाकी जुळवावी, आणि जुनी पद्धत किती महिने सोबत चालू ठेवली? प्लीज सविस्तर सांगा, एप्रिलच्या आत हे नीट बसवायचंय.