आमदार फुटला त्या दिवशी तुमच्याकडे काय झालं?

फोंडा (धागा मी काढतेय, म्हणून सुरुवातही मीच करते)

२०१७ ला गोव्यात काँग्रेसच्या १७ जागा आल्या, भाजपच्या १३, आणि मुख्यमंत्रिपदाची शपथ भाजपच्या पर्रीकरांनी घेतली. काँग्रेसवाले नेता कोण यावर खल करत बसले आणि तोवर मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), गोवा फॉरवर्ड, अपक्ष अशी मोट बांधून झाली होती. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या उरलेल्या १५ पैकी १० भाजपात गेले. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष सोडणार नाही अशा शपथा घ्यायला लावल्या. ११ निवडून आले, १४ सप्टेंबरला त्यातले ८ गेले. देवांचाही निरुपाय झाला म्हणायचं!

हे सगळं आपल्याला पाठ आहे, तेव्हा ते परत नको. तुमच्या वाड्यावर, बूथवर, घरात काय झालं ते लिहा. आपापल्या आमदाराचं नाव घालू नका, पक्षांना शिव्या नकोत. फक्त पक्षांतरच हवं असंही नाही. लोकांचा कौल नक्की कुणाच्या बाजूने, हा वाद जवळून पाहिला असेल तर तोही चालेल.

बार्देश

मी पोलिंग एजंट होतो. लोकांना वाटतं, एजंट म्हणजे बाकावर बसून फुकटचा चहा पिणारा. पहाटे अंधारात जायचं. मॉक पोलला निदान ५० मतं टाकून बघायची, ती पुसली गेली ना याची खात्री करायची, मग सील, सह्या. दिवसभर यादीवर रेघा मारायच्या. संध्याकाळी केंद्राध्यक्षांकडून १७-सी या फॉर्मची प्रत घ्यायची. त्यावर यंत्राचा नंबर आणि एकूण किती मतं पडली तो आकडा असतो. मोजणीच्या टेबलावर तो जुळला पाहिजे. माझी प्रत मी प्लास्टिकच्या फोल्डरात घालून उमेदवाराच्या घरी नेऊन दिली, कारण पावसाचा नसला तरी घामाचा भरवसा नव्हता. मोजणीत आकडा बरोबर जुळला.

त्या वर्षी, म्हणजे २०२२ ला, चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. आमदार आमच्याकडे आले, माटोळीकडे (गणपतीवर बांधतात ती फळापानांची आरास) बघून आईचं कौतुक केलं, नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्या, बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली. दोन आठवड्यांनी ते टीव्हीवर दुसरा शेला घालून. आई म्हणाली, "म्हणजे नेवऱ्या खाताना ठरलेलंच आसतलें न्हय रे?" मला उत्तर सुचलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. त्यांनी कार्यकर्त्यांची बैठक बोलावली आणि सांगितलं की आता आपण सगळे तिकडे. म्हणजे आम्हीही फुटायचं! निम्मे गेले. ज्यांच्या घरचं कोणी कंत्राटी नोकरीवर आहे ते तर गेलेच, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. मी गेलो नाही, त्याला कारण एवढंच की माझं दुकान आहे.

सासष्टी

वरच्यांचं पटतं, पण दुसरी बाजूही लिहितो, मग हवं तर दगड मारा. आमचा आमदार विरोधात होता तोवर आमच्या वाड्याचा रस्ता फायलीत होता. तो तिकडे गेला आणि पावसाळ्याआधी डांबर पडलं. मी त्याला परत मत देणार नाही. रस्ता मात्र रोज वापरतो.

पेडणे

मी जरा जुनं सांगतो. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल झाला तेव्हा मी मराठी शाळेत होतो. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे संघप्रदेश, केंद्रशासितच, राहायचं. आमचं अख्खं घर फुलवालं.

वडिलांना मुळात कौलच मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, १९६३ ला मगोला निवडून दिलं ते विलीनीकरणासाठीच, आता विधानसभेत ठराव करा आणि मोकळे व्हा, पुन्हा कसलं विचारायचं? विलीनीकरणाच्या विरोधातले पुढारी जॅक सिक्वेरा, त्यांचं म्हणणं याच्या उलट. सरकार निवडणं निराळं आणि प्रदेशाचं वेगळेपण कायमचं मोडणं निराळं, त्यासाठी लोकांना थेट विचारा. दिल्लीने ते मानलं. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून मगोच्या भाऊसाहेब बांदोडकरांनी आधी मुख्यमंत्रिपद सोडलं. सत्तेत राहून कौल घेतला तर त्याला कोण मानणार, हा विरोधकांचा सवाल होता आणि भाऊसाहेबांनी तो टाळला नाही. आजच्या पोरांना हे खरं वाटत नाही.

निकाल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. हरलो, ३४,०२१ मतांनी. वडील बरेच दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. पण मोजणीत घोळ झाला असं आमच्या घरी कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी मगोलाच परत सत्ता दिली! विलीनीकरण नको, भाऊसाहेब हवेत. म्हणजे सिक्वेरांनी केलेला फरक लोकांनीच करून दाखवला. हे मी वडिलांसमोर कधी बोललो नाही. ऐकून घेतलं नसतं.

म्हापसा

२०२१ ची पालिका निवडणूक. प्रभाग राखीव कुठले हे ठरवताना महिलांच्या जागा कमी ठेवल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हापसा, मडगाव, मुरगाव, सांगे, केपे या पाच पालिकांचं आरक्षण रद्द केलं आणि १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, राज्य निवडणूक आयुक्ताचा कार्यभार सरकारच्याच कायदा सचिवांकडे होता, त्यावरही न्यायालयाने कान उपटले. माझी जाऊ उभी राहणार होती. पत्रकं छापून आली आणि प्रभागाचं गणितच बदललं. २३ एप्रिलला मतदान झालं तेव्हा कोरोनाची दुसरी लाट, लोक दारच उघडेनात.

सत्तरी

मेळावलीच्या शेजारच्या गावची मी. आयआयटीला जमीन दिली तेव्हा गावाला कोणी विचारलं नव्हतं. काजूच्या बागायती पिढ्यान् पिढ्या कसलेल्या, पण कागद आमच्या नावचे नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये मोजणीवाले पोलीस घेऊन आले आणि बायका वाटेत बसल्या. १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प तिथून हलवत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी वाळपईत निवडून मात्र सत्ताधारी पक्षच आला. पणजीचे पत्रकार मला विचारत होते, असं कसं? अहो, काजू वाचले की! मत वेगळ्या हिशेबाने पडतं.

पणजी (वकिली करतो)

राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, एक वाट आहे: दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर ते विलीनीकरण, पक्षांतर नव्हे. म्हणून १५ पैकी १०, म्हणून ११ पैकी ८. आकडे बघा, सगळं कळतं. अपात्रतेचा अर्ज जातो सभापतींकडे, म्हणजे बहुतेक वेळा सत्ताधारी पक्षातूनच आलेल्या माणसाकडे. २०१९ च्या बाराजणांविरुद्धचे, म्हणजे काँग्रेसचे १० आणि मगोचे २, अर्ज सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळले. उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला २४ फेब्रुवारी २०२२ ला. मतदान १४ फेब्रुवारीला होऊन गेलं होतं, यंत्रं स्ट्राँगरूममध्ये होती. न्यायालयाने उलट निकाल दिला असता तरी अपात्र कोणाला करणार होते?

मतदारांना मात्र तोवर थांबायचं कारण नव्हतं. त्या बारापैकी बहुतेक पडले. भाजपची सत्ता राहिली, पण तिचे दोन्ही उपमुख्यमंत्री, चंद्रकांत कवळेकर आणि बाबू आजगावकर, हरले. दोघेही २०१९ मध्ये उडी मारून आलेले. आणि केप्यात कवळेकरांना पाडणारे एल्टन डिकॉस्टा हे पुढे सप्टेंबरमध्ये जे तीन काँग्रेसवाले जागचे हलले नाहीत त्यांतले एक.