घाटवाटेवर मोबाइलमधला ट्रॅक पुरतो का? (ट्रेकर्सची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

ढोरवाट
गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं घाटमाथ्यावरून कोकणात उतरत होतो. कुणीतरी चढवलेला जीपीएस ट्रॅक, म्हणजे त्याच्या चालीची नकाशावरची रेघ, मोबाइलमध्ये होता, म्हणून गावातून वाटाड्या घेतला नाही. पदरात, म्हणजे कड्याच्या मधल्या सपाटीवर, आल्यावर रेघ डावीकडे वळली, आम्हीही वळलो. पाऊण तास कारवीच्या झुडपांत घुसून पुढं पाहतो तर तुटलेला कडा. ट्रॅक नोंदवणारा तिथं चुकून परत फिरला होता. त्याच्या जाण्यायेण्याच्या रेघा एकमेकींवर पडल्या होत्या, त्यामुळे स्क्रीनवर ती वाटच दिसत होती. उन्हं उतरताना गुरं घेऊन निघालेल्या एका मामांनी वरून हाक मारली, "आरं, तिकडं कुटं? ढोरं चरायला जात्यात तिकडं!" खिंड उजवीकडे होती, आम्ही मागे टाकलेली.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. ट्रॅक ही एका माणसाची एका दिवसाची चाल. तेवढ्यावर विसंबून अनोळखी घाटवाट उतरू नये, वाटाड्या घ्यावाच. चार पैसे गावात राहतात, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

कंटूररेषा
अनुभव खरा, पण दोष ट्रॅकवर डोळे मिटून चालण्याचा आहे. नकाशा वाचणं वेगळं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. त्यात दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी, म्हणजेच कंटूर) असते. रेषा दाटल्या की कडा, बाहेर झुकल्या की सोंड (डोंगराची उतरती धार), आत शिरल्या की नाळ (अरुंद घळ). ट्रॅक त्यावर ठेवून पाहिला असता, तर तो कड्याच्या तोंडाशी का जातोय हा प्रश्न घरीच पडला असता.

वेळेचंही तेच. पायथ्याच्या बेलपाड्यातून हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा असा समोर उभा दिसतो की दोन तासांचं काम वाटावं. नळीच्या वाटेनं, म्हणजे तिथल्या घळीतून, चढाई जवळपास हजार मीटरची आहे. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा अजून कामाला येतो: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. नुसती चढाईच पावणेदोन तास खाते, आणि तीही मळलेल्या वाटेवर. नळीतल्या दगडधोंड्यांत मी याच्या दुपटीहून जास्त वेळ धरतो. हा हिशोब घरी केलेला गट अंधारात अडकत नाही.

पायवाटकरीण
मी कंटूररेषा यांच्या बाजूची. आम्ही चौघी-पाचजणी ट्रेकला जातो. पूर्वी कुणी दादा बरोबर असल्याशिवाय घरून परवानगी नसे. आता वाट आम्ही आखतो, पाणी कुठं, परतीचा फाटा कुठं, किती वाजेपर्यंत माथ्यावर नाही पोचलो तर मागे फिरायचं, सगळं घरी ठरतं. हा आत्मविश्वास मला नकाशानं दिला आणि तो मी सोडणार नाही.

आणि वाटाड्या घ्या म्हणता, पण आहे कुठं? पायथ्याला रस्ते आले, बाजारासाठी घाट चढणं थांबलं, तरणी पोरं कामाला शहरात. वाट पुरती माहीत असलेला माणूस सत्तरीचा असतो आणि त्याचे गुडघे दुखत असतात. त्याच्याबरोबर शेवटचं कुणी चालून नोंद केली नाही, तर ती वाट रानात जाईल. ट्रॅकचा तो उपयोग का नाकारायचा?

कातळटप्पा
थोडं यंत्राबद्दल, कारण विश्वास नको तिथं ठेवला जातो. मोबाइलच्या जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशा आधी उतरवलेला असला की झालं. उघड्या पठारावर साधारण पाच मीटरची चूक धरा. अरुंद नाळेत मात्र उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून येतात आणि बिंदू शेजारच्या सोंडेवर उडी मारतो. बऱ्याच ॲपमधली उंची अंतराळयानातून २००० साली केलेल्या रडार मोजणीवरून घेतलेली असते, साधारण ३० मीटरच्या चौकोनांत. दहा मीटरचा सरळ उभा कातळटप्पा त्यात हरवतो. नेमका तिथंच दोर लागतो.

शिवाय नकाशाला ऋतू कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईला निघालेली गाडी रात्री धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर शिरली आणि चालकाचा जीव गेला. रस्ता नकाशात होता, आजूबाजूच्या गावांना मात्र तो वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो हे ठाऊक होतं.

ढोरवाट
पायवाटकरीण, सत्तरीच्या माणसाचं तुमचं म्हणणं लागलं. ते मी मान्य करतो. पण मग नोंद त्याच्याबरोबर चालून व्हावी, त्याला मोबदला देऊन, आणि चुकलेला तुकडा कापूनच ती इतरांना द्यावी. कंटूररेषा, नकाशा मी आता शिकतोय, तरी पहिल्यांदा उतरायच्या घाटाला माणूस घेणारच. यात आपलं जमणार नाही.

त्या मामांना मी पुन्हा भेटून आलो. खिंडीखालचं टाकं नकाशांत नुसता ठिपका आहे. ते म्हणाले, होळीनंतर त्यात पाणी नसतं. तेवढं मी ठिपक्याशेजारी लिहून ठेवलंय.