मदत हवी आहे: उपास धरतोय पण मन हलकं होत नाहीये

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

तीन आठवडे झाले, दर शुक्रवारी उपास धरतोय, दिवसभर फक्त पाणी, संध्याकाळी प्रार्थना करून सोडतो. कारण असं की वडिलांच्या आजारपणात खर्चाचे पैसे माझ्याकडे होते, त्यातले काही मी स्वतःसाठी वापरले आणि धाकट्या भावाला खोटा हिशोब दिला. त्याला अजून माहीत नाही. देवापुढे रडलो, बायबलमधलं स्तोत्र ५१, पश्चात्तापाची प्रार्थना, रोज वाचतो, तरी सकाळी उठलं की तेच. आणि खरं सांगू का, उपासाच्या दिवशी पोट रिकामं आणि डोक्यात गणित चालू, की एवढं केलं म्हणजे देव माफ करेलच ना. देवाशी सौदाच करतोय असं वाटायला लागलंय. बायबलमधले निनवे शहराचे लोक उपास करून देवाच्या शिक्षेतून वाचले, पण दावीद राजाने आपल्या आजारी बाळासाठी उपास केला तरी सातव्या दिवशी ते गेलंच. मग उपासाने नेमकं होतं काय? अजून किती शुक्रवार करू? शुगरची गोळी चालू आहे, ती त्या दिवशी घेत नाही, चालतं ना?

उत्तर १:
आधी गोळीचं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास पण नको. जेवण सोडता येत नसेल तर मोबाइल बाजूला ठेवून तो वेळ प्रार्थनेला द्या, चालतं की.

आता निनवे. ती गोष्ट योनाच्या पुस्तकात आहे, त्यातलं ३:१० परत वाचा, ते लोक वाईट मार्ग सोडून फिरले हे देवाने पाहिलं असं आहे, पश्चात्ताप म्हणून गोणपाट नेसणं आणि उपास त्याच्या आधीच्या वचनांत येऊन गेलेत. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने उपास केल्याचं तर कुठेच नाही, ज्याला फसवलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. दावीदाचंही पुढचं वाचा, बाळ गेल्यावर तो उठला, अंघोळ केली, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन नमन केलं, मग जेवला. हवं ते मिळालं नाही तरी देवाकडेच गेला, माझ्या मते विश्वास तो हाच. तुम्ही मात्र मत्तय ५:२३-२४ वाचा, आधी भावाशी समेट कर, मग देवाला अर्पण दे असं येशू तिथे सांगतो; शुक्रवार मोजू नका.

धागाकर्ता:
वाचलं. तिथे सरळ भाऊच लिहिलंय, आता पळायला जागा नाही. गोळी घेतली आज. भाऊ रविवारी येतोय, पूर्ण रक्कम जमायला अजून दोन महिने लागतील, मग आत्ताच सांगू की पैसे हातात आल्यावर?

उत्तर १:
रविवारीच. दोन महिन्यांनी तुम्ही अजून एक कारण शोधाल, मी शोधलं होतं.